नोबिता अजून पाचवीत का आहे?

विरार पूर्वेला मनवेलपाड्यात, एका खासगी क्लासच्या खोलीत सातवीतल्या मुलीने मला सांगितलं की डोरेमॉन या कार्टूनमधला नोबिता कोमात आहे. निळा रोबो-मांजर डोरेमॉन, त्याच्या पोटावरच्या खिशातून निघणारी गॅजेट्स, शिझुका, जियान, सुनियो, हे सगळं हॉस्पिटलात पडून असलेल्या एका मुलाला दिसतंय. खरं त्यातलं काहीच नाही. ती बोलत असताना बाकीची मुलं कान देऊन ऐकत होती. कुणीही हसलं नाही. मग मागच्या सतरंजीवरून एका मुलाने भर घातली: शिनचॅनपण मेलेला आहे, त्याच्या आईने आठवण म्हणून चित्रं काढली आणि त्यांचं कार्टून झालं.

दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत. नोबिताच्या आजारपणाची अफवा जपानमध्ये १९८० च्या दशकापासून फिरते आहे. शिनचॅनची अफवा त्या मानाने नवी, मोबाइलवरच्या छोट्या व्हिडिओंनी पसरवलेली. शिनचॅन काढणारे योशितो उसुई २००९ साली डोंगरावरून पडून गेले, पण त्यांच्या पात्रामागे अशी कुठली मेलेल्या मुलाची कथा नव्हती. हे मुलांना सांगून मोकळं होता आलं असतं. क्लासच्या टीचर तेच म्हणत होत्या, "मोबाइल बघतात आणि काहीही बोलतात." मी मात्र त्या मुलीला विचारलं, "तुला हे पटलं कसं?"

"तो पाचवीतच आहे ना," ती म्हणाली. "मी दुसरीत होते तेव्हा तो पाचवीत होता. मग एक वर्ष आम्ही एकाच वर्गात होतो. आता मी सातवीत आले आणि तो तिथेच. नापास झाला असता तर दाखवलं असतं. म्हणजे काहीतरी झालंय त्याला."

आवडत्या कार्टून पात्रांमध्ये लोक खोल अर्थ शोधतात तो कशामुळे, या प्रश्नाला मी आजवर ऐकलेलं हे सर्वांत नेमकं उत्तर. पात्राचं वय थांबलेलं असतं, आपलं थांबत नाही. मूल दर जूनला वरच्या वर्गात जातं, नवी वह्या-पुस्तकं घेतं, उंची वाढते, युनिफॉर्म आखूड होतो, आणि पडद्यावरचा जिवलग मित्र तसाच राहतो. तो का थांबला याचं कारण लागतं. मुलांच्या अनुभवात वाढ थांबण्याची कारणं दोनच, आजारपण किंवा मरण. अफवा कुठून का आलेली असेना, ती मुलांच्या मनात टिकते, कारण ती एका खऱ्या प्रश्नाला उत्तर देते.

मनवेलपाडा हा काही कार्टूनचा इतिहास घडलेला भाग नाही. विरार स्टेशनवरून शेअर रिक्षाने थोडं आत यायचं, एका अंगाला जीवदानीचा डोंगर, चाळी, त्यांच्या मधून उठलेल्या चार-पाच मजली इमारती, टँकरची वाट बघणारे ड्रम. पण एकाच जिन्यावर लालबाग-परळहून आलेलं कुटुंब, शेजारी उत्तर प्रदेशातलं, वरच्या मजल्यावर गुजराती, असं असल्याने इथली मुलं घरात एक, शाळेत दुसरी आणि खेळताना तिसरीच भाषा बोलतात. खेळातली हिंदी बरीचशी डोरेमॉनने शिकवलेली आहे. आणि त्याच जिन्यावर साठीतली माणसं भेटतात, ज्यांच्या मनात दुसरीच पात्रं मुक्कामाला आहेत. वाचकांच्या पिढ्या एकमेकांना इतक्या चिकटून राहतात म्हणून हा लेख मला इथे लिहावासा वाटला.

आधी नोबिताचं पूर्ण करतो, कारण त्या मुलीला मी जे सांगितलं ते वाचकांनाही ठाऊक असायला हवं.

डोरेमॉनचे जनक हिरोशी फुजिमोतो, टोपणनाव फुजिको एफ. फुजिओ. ही चित्रकथा त्यांनी १९६९ च्या अखेरीस सुरू केली, ती शोगाकुकान या प्रकाशनाच्या इयत्तावार मासिकांमध्ये. पहिलीच्या मुलांचं मासिक वेगळं, दुसरीचं वेगळं, तिसरीचं वेगळं. जपानमध्ये शाळेचं वर्ष मार्चमध्ये संपतं. मूल वरच्या वर्गात गेलं की त्याचं मासिकही बदलायचं. त्यामुळे सुरुवातीच्या काळात फुजिमोतोंनी निरोपाचे भाग लिहिले. त्यातला १९७४ च्या मार्चमधला, तिसरीच्या मासिकातला भाग सगळ्यांत गाजला. डोरेमॉनला भविष्यात परत जायचंय. नोबिता रडतो, अडवतो, आणि मग त्याच्या लक्षात येतं की आपण असेच दुबळे राहिलो तर याचा पाय निघणार नाही. त्याच रात्री रस्त्यात दांडगट जियान भेटतो. नोबिता मारामारीत पडतो, कुठलंही गॅजेट न घेता. मार खातो, पुन्हा उठून जियानला धरतो, पुन्हा मार खातो, सोडत नाही. शेवटी जियानच कंटाळून हार कबूल करतो. डोरेमॉन त्याला आधार देत घरी आणतो आणि झोपलेल्या नोबिताजवळ रात्रभर बसून राहतो. सकाळी खोलीत नोबिता एकटा असतो.

एप्रिलमध्ये तीच मुलं चौथीत गेली, चौथीचं मासिक उघडलं, आणि त्यात डोरेमॉन परत आलेला होता. कसा? जाताना त्याने नोबितासाठी एक पेटी ठेवली होती. तिच्यातून एक औषध निघतं. ते प्यायल्यावर बोलाल त्याच्या उलट घडतं. एक एप्रिलला जियान थाप मारतो की डोरेमॉन आलाय. नोबिता धावत सुटतो आणि फसतो. तो औषध पितो, जियान-सुनियोला अद्दल घडवतो, आणि घरी येऊन खिन्नपणे पुटपुटतो की डोरेमॉन आता कधीच येणार नाही. औषधाचा असर अजून उतरलेला नसतो.

हे सांगून झाल्यावर सातवीतली ती मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे लिहिणाऱ्यांनापण माहीत होतं, मुलं मोठी होतात ते." हो, माहीत होतं. कोमाची कथा रचणाऱ्यांनी नोबिताला खाटेवर झोपवलं. फुजिमोतोंनी त्याला एका रात्रीपुरतं मोठं केलं आणि मग पुन्हा वाचकांच्या हवाली केलं. लहानपणी आपणच नोबितासारखे होतो असं ते सांगत. १९९६ साली ते गेले, मालिकेचा अंतिम भाग न लिहिता. ती मोकळी जागा अफवांनी भरली.

शेवट हवा असणं ही मुलांची खरी गरज आहे, हे टॉम अँड जेरीच्या बाबतीतही दिसतं. १९५६ साली 'ब्लू कॅट ब्लूज' नावाचा एक छोटा भाग आला. प्रेमभंग झालेला टॉम रेल्वेच्या रुळावर बसलेला असतो, अखेरीस जेरीही त्याच्या शेजारी जाऊन बसतो, आणि लांबून गाडीची शिट्टी ऐकू येते. हाच मालिकेचा शेवटचा भाग, असं मुलं ठासून सांगतात. क्लासमधल्या एकाने मला तो मोबाइलवर दाखवलाही. वास्तविक त्यानंतर १९५८ पर्यंत नवे भाग येतच राहिले. पण विरारच्या मुलांना रूळ म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. त्या भागापाशी त्यांचं हसू थांबतं, आणि ते थांबणं योग्यच आहे. मोठ्यांनी अशा वेळी "कार्टून तर आहे" म्हणून विषय झटकू नये. शेजारी बसून बोलावं.

आता त्याच गल्लीतल्या एका काकांकडे जाऊ. वय साठीच्या पुढे, मूळ गाव वेंगुर्ल्याजवळ, जन्म परळच्या चाळीत, विरारला आले गिरणी बंद पडल्यावर. लोखंडी कपाटातून त्यांनी एक अंक काढला. मुखपृष्ठ गेलेलं, पाठीला जाड दोऱ्याची शिवण, कडा पिवळ्या होऊन कुरतडलेल्या. इंद्रजाल कॉमिक्सचा, वेताळाचा.

इंद्रजाल कॉमिक्स टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशन संस्थेने मार्च १९६४ मध्ये सुरू केली आणि ती १९९० पर्यंत चालली. इंग्रजी-हिंदीबरोबर मराठीतही ती निघायची. ली फॉकने १९३६ साली अमेरिकी वर्तमानपत्रांसाठी निर्माण केलेला फँटम मराठी मुलांना वेताळ म्हणून भेटला. त्याच्या राज्याचं मूळ नाव बंगालची आठवण करून देणारं होतं. भारतीय आवृत्तीत ते डेंकाली झालं. कवटीची गुहा, कवटीच्या खुणेची अंगठी, घोडा, लांडगा हे सगळं आलंच. पण या पात्राचं सर्वांत मोठं वैशिष्ट्य त्याच्या पोशाखाखाली दडलेलं आहे. जंगलातल्या लोकांना वाटतं हा अमर आहे, चारशे वर्षं हाच माणूस फिरतोय. वाचकाला माहीत असतं की हा एकविसावा आहे. बाप मरतो, मुलगा तोच पोशाख चढवतो, कवटीवर हात ठेवून शपथ घेतो आणि सिंहासनावर बसतो.

"लोकांना तो अमर वाटतो," काका म्हणाले, "पण तो मरतो. दर पिढीला मरतो. हे फक्त वाचणाऱ्याला ठाऊक. मला लहानपणी ते फार आवडायचं, कारण आमच्याकडे तेच होतं. आजोबा गिरणीच्या साचाखात्यात, म्हणजे मागांवर, वडील साचाखात्यात, मग मी. साच्यावरचा माणूस बदलला तरी साचा चालू दिसला पाहिजे, जॉबरला, म्हणजे मुकादमाला, एवढंच हवं असायचं."

लालबाग-परळच्या गिरणगावात बापाच्या जागी मुलाला लावून घेण्याची रीत होती. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि ती रीतच मोडीत निघाली. काका तेव्हा नुकतेच कामाला लागले होते. त्यांचा मुलगा आज अंधेरीत एका ऑफिसात आहे, बरं चाललंय. तरीही अंकाचं पान उलटताना ते म्हणाले, "वेताळाकडे जागा रिकामी राहत नाही. आमच्याकडे राहिली."

मी त्यांना गावाकडच्या वेतोबाबद्दल, म्हणजे तिथल्या वेताळ देवाबद्दल, विचारलं. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीचा वेतोबा, पुरुषभर उंचीहून मोठी उभी मूर्ती, नवसाला चामड्याची भलीमोठी पायताणं वाहतात. रात्री देव गावाची राखण करत फिरतो आणि पायताणं झिजतात, अशी श्रद्धा आहे. काका म्हणाले, "आम्हाला कॉमिक्समधला वेताळ परका कधी वाटलाच नाही. रात्री फिरणारा, राखण करणारा, गावाकडे होताच की आमच्या." अमेरिकी लेखकाने कल्पिलेल्या आफ्रिकेतला गोरा माणूस परळच्या चाळीत आरवलीचा राखणदार झाला, हे ली फॉकला स्वप्नातही सुचलं नसतं.

पण इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. फँटमच्या कथेत एक गोरा माणूस काळ्या लोकांच्या जंगलात पिढ्यान्पिढ्या राजासारखा बसतो आणि सगळे त्याच्या शब्दात राहतात. ही वसाहतवादाची कल्पना आहे. हा आक्षेप बरोबर आहे, आणि बालपणीच्या जिव्हाळ्यापोटी तो नाकारण्यात अर्थ नाही. चित्रकथा अशा कडक नजरेने वाचण्याचं एक मोठं उदाहरण चिलीत घडलं. १९७१ साली एरिएल डॉर्फमन आणि आर्मां मातलार यांनी डोनाल्ड डक कसा वाचावा यावर पुस्तक लिहिलं. १९७३ च्या लष्करी उठावानंतर तिथे त्याच्या प्रती नष्ट केल्या गेल्या. बदकांच्या कॉमिक्सवरचं पुस्तक सत्ताधाऱ्यांना एवढं खुपावं, यावरून अशा वाचनाचं वजन कळतं. त्यातलं एक निरीक्षण मला नेहमी आठवतं. डिस्नेच्या त्या जगात आई-बाप जवळजवळ नाहीतच. मामा आहेत, भाचे आहेत. कुणी जन्माला येत नाही, म्हणून कुणी म्हातारंही होत नाही. अंकल स्क्रूजची तिजोरी कुणाकडे जाणार हा प्रश्न त्यामुळे सहसा उद्भवत नाही. वेताळाच्या कथेत वारस हाच सगळा जीव, डिस्नेच्या बदकांत वारस जवळजवळ गायब. गिरणी कामगाराच्या मुलाला या दोहोंपैकी कोण जवळचा वाटणार, ते वेगळं सांगायला नको. काकांचं वाचन आणि डॉर्फमन-मातलार यांच्या पद्धतीचं वाचन एकमेकांना खोडत नाही. एक पात्राची सत्ता तपासतं, दुसरं त्या पात्रात आपल्या घरातली रिकामी जागा पाहतं.

आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन वयाच्या प्रश्नातून वेगळ्याच वाटेने सुटला. तो म्हाताराच जन्मला. १९५१ पासून टाइम्स ऑफ इंडियात चौकड्यांचा कोट घालून आणि धोतर नेसून तो उभा असायचा, डोक्यावर उरलेले चार केस, कपाळावर चढलेल्या भुवया, आणि तोंडातून शब्द नाही. १९८८ मध्ये तो टपाल तिकिटावर आला, पुण्यात सिम्बायोसिसच्या आवारात आणि मुंबईत वरळीच्या समुद्रकिनारी त्याचे पुतळे उभे राहिले. २०१५ च्या २६ जानेवारीला पुण्यात लक्ष्मण गेले. तो मुका आहे म्हणून ज्याने त्याने त्याच्या तोंडी आपलं वाक्य घातलं. काकांच्या पिढीतले विरारकर आजही त्याच्याबद्दल बोलताना "आपला म्हातारा" म्हणतात. वर्षानुवर्षं लोकलच्या डब्यात दाराजवळ उभं राहून दुसऱ्यांच्या राजकारणाच्या गप्पा ऐकत प्रवास केलेल्या माणसाला ते मौन आतून कळतं. त्याच्या गप्प राहण्यात काहींना सोशिकपणा दिसतो, काहींना हतबलता. मला त्यात साक्षीदार दिसतो. लक्ष्मण यांच्या चित्रात मंत्री, अधिकारी, पुढारी बदलत जातात, प्रत्येक जण काहीतरी बोलतो, आणि प्रत्येक जण याच्या डोळ्यांसमोर बोलतो.

मराठीत मात्र वयाचा हा पेच ज्याच्यामुळे घराघरात आला तो चिंटू. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी २१ नोव्हेंबर १९९१ रोजी पुण्याच्या 'सकाळ'मध्ये ही चित्रमालिका सुरू केली. पप्पू, मिनी, राजू, बगळ्या, सतीशदादा, आणि बॉल अंगणात गेला की बाहेर येणाऱ्या जोशीकाकू. २०१२ मध्ये श्रीरंग गोडबोले यांनी त्याच्यावर चित्रपट केला. ज्यांनी सुरुवातीला चिंटू कापून वहीत चिकटवला ती मुलं आज चाळिशीला पोचली आहेत.

मनवेलपाड्यात अशी एक आई भेटली, लग्न होऊन पुण्याहून विरारला आलेली. तिने मांडलेली गोष्ट मी कुठल्याही समीक्षेत वाचलेली नाही. "लहान होते तेव्हा मी चिंटूच्या बाजूने वाचायचे," ती म्हणाली. "आता वाचते तेव्हा त्याच्या आईकडेच लक्ष जातं. ती किती वेळा स्वयंपाकघरात आहे ते आत्ता दिसायला लागलं." चित्र तेच, रेषा त्याच, चौकटी तीन-चारच. चिंटू हलला नाही. ती त्या चौकटीच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात गेली. आणि जोशीकाकूंच्या तुटणाऱ्या काचांबद्दल तिचा मुलगा म्हणाला, "काच फुटायला आधी मैदान पाहिजे." त्याच्या इमारतीखाली दुचाकी उभ्या असतात. चिंटूची वाडी, ते अंगण, ती भिंतीवरून दिसणारी झाडं त्याला नोबिताच्या टोकियोइतकीच लांबची आहेत. किंबहुना नोबिताचं ते सिमेंटच्या पाइपांचं रिकामं मैदान त्याला जास्त ओळखीचं वाटतं, कारण बांधकामाचे पाइप त्याने रोज पाहिलेत.

"एवढा विचार करायचा असतो का कार्टूनचा?" असं मला या लेखाच्या निमित्ताने अनेकांनी विचारलं. माझं मत असं, की मुलं तो करतातच. आपण ऐकलं नाही तर ती तो मोबाइलमधल्या निनावी आवाजाबरोबर करतात, आणि त्या आवाजाला नोबिताला मारून टाकण्यापलीकडे काही सुचत नाही. चांगलं वाचन चित्रापाशी परत जातं. कोमाची गोष्ट खोटी आहे हे त्या मुलीला पटलं, ते मी मोठा म्हणून नव्हे. १९७४ च्या त्या भागात नोबिता जियानला सोडत नाही, तो प्रसंग तिने ऐकला म्हणून. काकांचा वेताळ खरा वाटतो तोही त्यांच्या हातातल्या शिवलेल्या अंकामुळे. शपथ, गुहा, मागच्या पिढ्यांची थडगी, सगळं त्या पानांवर आहे.

मराठीत या वाचनाची जागा फार थोडी आहे. चांदोबा हे मुलांचं मासिक मराठीत १९५२ पासून निघालं, त्यातल्या शंकर यांच्या विक्रम-वेताळाच्या चित्राने, खांद्यावर प्रेत आणि हातात उपसलेली तलवार घेऊन चालणाऱ्या राजाने, कित्येक पिढ्यांना झोपू दिलं नाही. तरी त्या चित्राबद्दल आपण किती लिहिलं? टिंकलमधला शिकारी शंभू काढणारे वसंत हळबे, सुपंडी काढणारे राम वाईरकर, अमर चित्र कथेपासून नागराज कॉमिक्सपर्यंत हात फिरवणारे प्रताप मुळीक, हे सगळे मुंबई-पुण्यात बसून देशभरच्या मुलांचं बालपण रेखाटत होते. कवीच्या दोन ओळींवर आपण पानं भरतो. या रेषांवरही भरावीत, एवढं काम त्यांनी केलेलं आहे.

म्हणून वाचकांना एक विनंती. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून इंद्रजालचे, चांदोबाचे, टिंकलचे जुने अंक निघाले, चिंटूच्या कात्रणांची वही निघाली, तर रद्दीवाल्याच्या काट्यावर टाकू नका. जवळच्या वाचनालयाने घेतले तर तिथे द्या, नाहीतर इमारतीतल्या मुलांना द्या. आणि देऊन निघून जाऊ नका. त्या मुलांना विचारा, यातलं कोण आवडलं आणि त्याचं पुढे काय झालं असेल. उत्तर पूर्ण ऐका.